कारखान्याला लागून खोली

ता. १६ जानेवारी ७४

संक्रांतीला सासरवाडीला गेलो होतो, आज परत. औशापासून तुळजापूरपर्यंत उभ्यानं. पुढं एका बाईच्या कोंबड्यांच्या पाटीशेजारी टेकायला मिळालं. सोलापुरात उतरलो तर गड्ड्याच्या जत्रेनं स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही.

मामांनी, म्हणजे शालनच्या वडलांनी, जेवताना काही काढलं नाही. मी निघालो, चप्पल घालत होतो, तेव्हा बोलले. "जावईबापू, पोरगी आता तुमच्या भावाच्या घरी धाडायची न्हाय. तुमची वैनी आन ती, दोगींचं जमत न्हाय, झालं. तुमी सोलापुरात खोली करा. पाडव्यापतोर करा. खोली झाली की पोरगी तुमची."

म्हटलं, नाही झाली तर?

"मग आमी आमचा इचार करू."

काय विचार ते सांगितलं नाही. वर म्हणाले, "आदी हाटेल, मग खडी, मग ट्रकवर किलीनर, आता माग. त्यात बी तीन वर्सात तीन कारखाने. तुमचं बूड काय एका जागी टेकत न्हाय. खोली दिसली की कळंल मला, टेकलं म्हून."

शालन दाराआड होती. तिळगूळ हातावर ठेवला तेवढंच बोलणं. लग्नाला वर्ष होत आलं. त्यात एकत्र राहिलो किती, तर


१७ जाने.

रात्रपाळी. सकाळी पाळी सुटली की कारखान्यातच टॉवेलच्या गठ्ठ्यांवर आडवं व्हायचं. मालक काही म्हणत नाही, त्याला फुकटचा राखणदार. शेजारी दिवसपाळीचे माग चालू असतात, मला झोप लागते मेल्यासारखी.

महिबूबभाईला सगळं सांगितलं. आमचा जॉबर, माग अडला की त्याला हाक. हसायला लागला. "तेरेकू कमरा होना? ये शहर में खुदा मिलता, कमरा नै मिलता." मग चहा पाजला आणि म्हणाला बघतो.


२० जाने.

दुपारी झोप मोडून तीन ठिकाणं केली.

पहिल्या ठिकाणी म्हातारा ओट्यावर दाढी करत होता. "कुटुंब हाय का?" आहे म्हटलं. "कुटं हाय?" गावाकडं. "मग खोली बी गावाकडंच बघा की." बाजूला बसलेले दात काढून हसले.

दुसरीकडं बाई बाहेर आली, दार धरूनच बोलली. "एकट्याला न्हाय देत. एक म्हून येता आन चौघं झोपता, बिड्या वढता. आमच्या घरात पोरीबाळी हायत."

तिसरीकडं जात विचारली. सांगितली. मग खोली रिकामी नाही म्हणाले. विचारायच्या आधी होती.

मामा म्हणतात खोली दाखवा, मग पोरगी. इथं म्हणतात बायको दाखवा, मग खोली. दोघांनी एकमेकाशी बोलून घ्यावं, मी मधून बाजूला होतो.


२४ जाने.

इथली पद्धत आज कळली. उगाच वणवण केली इतके दिवस. जुना भाडेकरू सामान काढतो, त्याचं कुलूप निघालं की लगेच कोयंड्यात आपलं घालायचं. ज्याचं कुलूप पहिलं त्याच्याशीच घरमालक बोलतो. बाकीच्यांनी चालू लागायचं. भांडण नाही, काही नाही. म.भाई म्हणाला, "कमरा देखते नै फिरना. कुलूप लेके फिरना."

कुलूप घेतलं. लोखंडी. खिशात ठेवून मागावर वाकता येत नाही म्हणून करदोड्याला बांधलं. चालताना मांडीला लागतं. निळा डाग पडलाय.


२७ जाने.

पलीकडच्या गल्लीतलं एक कुटुंब विजापूरला चाललंय असं चहावाल्यानं सांगितलं. पाळी सुटताच पळत गेलो. हातगाडीवर सामान चढवणं चालू. माझ्याआधीच तिघं उभे, तिघांच्या मुठी मिटलेल्या, आत काय ते सगळ्यांना माहीत. कोणी कोणाकडं बघत नाही.

पण उंबऱ्यावर एक म्हातारी बसलेली. पहाटेपासून बसलीय म्हणे. सामान काढणारे तिला ओलांडून जात होते. ट्रंका गेल्या, पाळणा गेला, शेवटी पाटा-वरवंटा निघाला. दार ओढलं तसा म्हातारीनं बसल्या जागेवरून हात वर केला आणि पोराचं कुलूप अडकवलं. टक्.

आमच्यातला एक जण म्हणाला, "आजी, आत बघितलं तर का कशी हाय?"

"बघायचं काय त्यात. वर छत हाय न्हवं?"

घरमालक हसला, आम्ही पण हसलो. वाटेत मात्र माझं डोकं फिरलं. कुलूप काढलं आणि एका भिंतीवर फेकून मारलं. चार पावलं गेलो आणि परत येऊन गटारीच्या कडेला शोधत बसलो.

माझ्याकडं उंबऱ्यावर बसवायला कोण आहे?


३ फेब्रु.

गावचा एक जण पुण्यात कंपनीत लागलाय. ये म्हणतो. रात्रभर तेच डोक्यात, दोनदा धागे तुटले, मालकाच्या शिव्या खाल्ल्या. जाऊ शकतो. काय आहे इथं माझं? एक वळकटी, एक ताटली.

पण गेलो की मामा म्हणणार, बघा, उठला.

नाही जात.


८ फेब्रु.

सुट्टी. सायकल भाड्यानं घेऊन कुंभारीला गेलो. तिथं एका शेतकऱ्यानं वस्तीवर पत्र्याच्या दोन खोल्या काढल्यात, एक रिकामी आहे असं कळलं होतं. खरंच रिकामी. एकही माणूस कुलूप घेऊन उभा नाही, मला चुकल्यासारखं झालं.

शेतकरी भला माणूस. "घ्या की. कुटुंब आना न्हायतर एकलं ऱ्हावा, आमाला काय. हितं येतंय कोन." शेंगा दिल्या खायला. म्हणाला, "आदीच सांगतो, पाखरं लई वरडत्यात. लिंबावर समदा बाजार भरतुया. झोपमोड हुती म्हून मागचा मानूस कुरकुरायचा." मला एक पण पाखरू ओरडलेलं कळलं नाही. पुढच्या भाडेकरूला असले दोष कोण सांगतं?

खोली चांगली. विहीर जवळ. शालनला आवडली असती. पण मी रात्रभर शहरात आणि ती वस्तीवर एकटी, आणि पहाटे पाळी सुटल्यावर मी सायकल मारत तिथं. म्हटलं मालकाला विचारून सांगतो.


९ फेब्रु.

मालकाला दिवसपाळी मागितली.

"दिवसपाळीला माझी जुनी मानसं हायत. तू काल आलास."

दिवाळीला आलो. पण बरोबर आहे, आधीच्या दोन कारखान्यांत राहिलो असतो तर आज जुना असतो.

कुंभारी गेली.


१७ फेब्रु.

खोटं बोलून पाहिलं. एका ठिकाणी म्हटलं, बायको अक्कलकोटला देवाला गेलीय, परवा येतेय. घरवाला म्हणाला, "मग परवा दोघं मिळून या." परवा दिवशी मी एकटाच त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. का गेलो कोण जाणे. खिडकीत दुसऱ्याच कोणाचं धोतर वाळत होतं.


२५ फेब्रु.

खोली मिळाली.

नीट लिहितो. म.भाईच्या ओळखीची एक तेलुगू म्हातारी आहे, भवानी पेठेत, सगळे अक्का म्हणतात. नवरा नाही, ओट्यावर बसून बिड्या वळते. तिच्या मागच्या अंगणातल्या खोलीचं माणूस काल गेलं. उजाडताना म.भाईनं मला पाळीवरून उठवून नेलं, माझा माग शेजारच्याला बघायला सांगितला. तिथं कोणी नव्हतं. मी कुलूप आधी घातलं, आत नंतर बघितलं. त्या म्हातारीसारखं.

अक्का बिडीचा दोरा दातानं तोडत म्हणाली, "ए अब्बाय." तिच्यात पोराला असंच म्हणतात. "बायको कुटं?"

गावाकडं आहे, येणार आहे.

"सगळे असंच सांगतात."

म.भाई मध्ये पडला. "अक्का, मेरे गले पे हाथ. लडका सीधा है, खाली पैर सीधे नै."

ती हसली नाही. म्हणाली, "पाडव्याला आमचं उगादी. त्या दिवशी माझ्या घरात तुझी बाई पाहिजे. नाही आली तर कुलूप काढून घे, मी मोजून माणसं ठेवते." आधीचे का गेले विचारलं. "गेले. गावाकडली माणसं." पुढं विचारलं नाही. कशाला विचारू, उद्या नाही म्हणाली तर.

एक खोली. कोपऱ्यात मोरी, दोन कोनाडे, वर पत्रा. मागची भिंत कारखान्याची, आमच्या नव्हे, दुसऱ्याच. म्हणजे आत्ताच्या कामावर काही झालं तर नोकरी पण भिंतीपलीकडं.


२६ फेब्रु.

पाळीवरून आलो, स्वतःचं कुलूप स्वतः उघडलं, दार लावलं, झोपलो. मध्ये एकदाही जाग नाही. कटकट नाही, कोणी पाय तुडवत गेलं नाही. इतकी शांत जागा सोलापुरात मिळणार नव्हती.

मामांना कार्ड टाकलं. खोली झाली. भवानी पेठेत. पाडव्याच्या आधीच.


१० मार्च

चुना मारला. स्टो घेतला. दोन डबे, एक घागर, आरसा. मागच्या भिंतीवर आरसा टांगला की थोड्या वेळानं तिरका होतो. खाली कागदाची घडी घातली तरी होतो. समोरच्या भिंतीवर लावला, राहिला.

मामांचं कार्ड आलं. शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलंय. आधी येऊन जागा बघू, मग ठरवू. शालनला पण आणतो, तिला तिथं राहायचं आहे तर तिनं बघावी.

हे चांगलं केलं त्यांनी. बघू देत.


१५ मार्च

आज आले दोघं, दुपारच्या गाडीनं. मी न झोपता स्टँडवर. शालनच्या अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं. पुढं मी, मागं ते, असं पेठेत आलो.

दार उघडलं. मामा उंबऱ्यात थांबले, काहीतरी म्हणाले. मी उत्तर दिलं. त्यांनी कानाला हात लावला. मी परत सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला.

मागावरची आम्ही माणसं ओरडून बोलत नाही. घसा किती फोडणार? ओठ हलवायचे, समोरचा वाचतो. मी खोलीत शिरलो आणि सवयीनं तसाच बोलायला लागलो होतो, आवाज न काढता. मला स्वतःला कळलं नाही. मामांना वाटलं जावई चेष्टा करतोय.

दंडाला धरून त्यांनी मला गल्लीत आणलं, लांब, चहाच्या गाड्यापाशी. "त्ये काय वाजतंय?"

म्हटलं, काय वाजतंय?

खरंच विचारलं मी.

"आवो, धडाडधडाड. भिंत हालतीया, छातीत धडकतंय, आन काय वाजतंय म्हंता?"

भिंतीपलीकडं माग आहेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते वाजतात हे डोक्यातच आलं नाही.

आत आलो तर शालन मधोमध उभी. मोरी बघितली, कोनाड्यात हात घातला, डबे उघडून बघितले. मग मागच्या भिंतीला तळहात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. मामा दारात पाठ करून उभे होते. ती माझ्याकडं वळून साधंच बोलली, नेहमीच्या आवाजात असेल, मला काय कळणार, मी ओठ बघत होतो. "खोली चांगली हाय." मग, "दादा नगं म्हनतील." वडलांना ती दादा म्हणते. मग, "मला यायचं हाय."

मी मान हलवली. मामा दोन हातांवर होते आणि त्यांना यातलं काही ऐकू गेलं नाही. लग्नापासूनचं आमचं सगळ्यात मोठं बोलणं.


१५ मार्च, संध्या.

राहिलेलं लिहितो. हॉटेलात बसलो तेव्हा मामा शांत झाले होते. त्याचीच भीती वाटली.

"तुमास्नी ऐकाय कमी येतं का?"

येतं की, म्हटलं.

"यस्टीतनं उतरल्यापासनं दोनदा इचारलं, आदी चा पिऊ या का. तुमी म्होरंच चालत ऱ्हायला. म्या म्हनलं, जावई रागावल्यात कशावर तरी."

मला आठवत नाही. म्हणजे आठवायला आधी ऐकू यायला पाहिजे.

"बूड टेकलं तुमचं, मान्य हाय मला. पर कान गेलं की वो त्यात. आन माजी पोरगी तितं रातध्याड बसवायची? उद्या लेकरूबाळ झालं तर त्ये निजंल तर का?"

शालन बशीत चहा ओतत होती. तिचा चहा गार झाला.

"घरी जाऊन इचार करतो, कळवतो." पाचच्या गाडीनं गेले. गाडी हलली तेव्हा शालन खिडकीतून काहीतरी बोलली. मध्ये एक माणूस आला, दिसलं नाही.


१७ मार्च

म.भाईच्या हातावर घड्याळ आहे, भावानं दिलेलं. जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, बघू, कानाला लाव. लावलं. म्हटलं, बंद आहे का? म.भाईनं काटा दाखवला, फिरत होता. दुसऱ्या कानाला. बंदच.

मग त्यानं स्वतःच्या कानाला लावलं. हलवलं. परत लावलं. "मेरेकू भी बंद." मग सगळे जमले, खेळच झाला, हे घड्याळ ह्या कानावरून त्या कानावर. कोणाला येतं, कोणाला येत नाही. आमच्या पाळीतला आप्पा तर म्हणाला, मला कालच्यापेक्षा आज जास्त येतंय, आणि घड्याळ तोपर्यंत म.भाईनं काढून घेतलेलं. लोळून हसले.

नंतर म.भाई बिडी ओढत बाजूला बसला. "घर में बीवी बोलती, चिल्लाते क्यूं. मै बोलता, प्यार से बोल रऊं."

मी हसलो नाही म्हणून तो पण थांबला.

शालनला गावच्या फाट्यावरची गाडी दिसायच्या आधी कळते. कुठली ते पण. ही उमरग्याची, हिचा गिअर घसरतो. ही निलंग्याची. लग्नाच्या आधी बघायला गेलो होतो तेव्हा घरातून ओरडून सांगितलं होतं तिनं, "पावनं आलं, तुळजापूरच्या गाडीनं." आणि आलो होतो तसंच. मला गंमत वाटली होती.

तिला यायचं आहे. मी आण म्हणू का नको म्हणू? आजवर कुठं काय मिळालं तर घेत गेलो, आवडलं नाही तर सोडून गेलो. असा बसून विचार कधी केला नाही. जमत पण नाही. तीन वेळा चप्पल घालून बाहेर जाऊन आलो.


१९ मार्च

न झोपता कुंभारीला. खोली अजून आहे. पण गिरणीतला एक जण बायकोला दाखवायला आणणार आहे. शेतकरी म्हणाला, "तुमी त्या दिशी इचारून सांगतो म्हनला आन आलाच न्हाय. आता जो आदी ईल त्याची." म्हटलं कुलूप घालू का आताच. त्याला कळलं नाही. "कुलूप कशाला? हितं चोर न्हायत." शहरातली पद्धत त्याला माहीत नाही. आणि मलाच तिथं नुसतं कुलूप घालून उपयोग काय, रात्रपाळी आहे तशी आहे.

झाडाखाली बराच वेळ उभा राहिलो. पाखरं दिसत होती, फांदी फांदी भरलेली. चोची उघडत होती.

परत येऊन मालकाकडं. या वेळी मागितली नाही, हात जोडले. "लग्नसराई जाऊ दे, टॉवेलचा माल निघू दे, मग बघू." बघू म्हणाला. मागच्या वेळी ते पण म्हणाला नव्हता. म.भाई मी पण बोलतो म्हणाला, त्याचं मालक ऐकतो.


२० मार्च

अक्काला विचारलं, तुम्हाला त्रास नाही होत? "कशाचा?" म्हणाली. मी भिंतीकडं बोट केलं. तिनं भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "चुना चांगला मारलास."

मग म्हणाली, "चार दिवस राहिले, अब्बाय."


२२ मार्च

शालनच्या गावचा शिंपी कापडाला आला होता, त्याच्याकडं निरोप. "पाडव्याला पहिल्या गाडीनं दोगं येतोय. पोरगी ऐकत न्हाय. घरात तीन दिस जेवली न्हाय. तितं ठिवतो, पर आखितीला म्या सोता येऊन बघनार. वाळली असंल, झोपंना झाली असंल, तर त्याच पावली माघारी नेनार. मग कुनी तोंड उगडायचं न्हाय."

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया, महिन्यावर आलीय. शिंप्यानं सगळं जसंच्या तसं पाठ करून आणलं होतं, मामांसारखं बोट पण हलवलं. मग स्वतःचं म्हणाला, "पोरगी लई जिद्दी हाय. संबाळ बाबा."

मी आनंद झाला असं लिहिणार होतो.


२४ मार्च, पाडवा

आले.

सणाची सुट्टी, सगळ्या पेठेतले माग बंद. मामा खोलीत आले, कान देऊन उभे राहिले, जमिनीवर पाय आपटून बघितला. "आज बरं हाय." उद्याचं बोलले नाहीत, मी पण नाही. शालननं गुढी उभारली, अक्काच्या परसातली काठी, तांब्या, आणि वस्त्र म्हणून आमच्या कारखान्याचा नवा टॉवेल, म.भाईनं पाठवलेला. अक्का वाटीत त्यांचं उगादीचं आंबटगोडकडू घेऊन आली. शालनला नीट वरून खालून बघितलं, मला म्हणाली, "आहे खरी."

मामा जेवून दुपारच्या गाडीनं गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला.

मला माग बंद असले की बसवत नाही. कानात बारीक शिट्टी सुरू होते आणि थांबत नाही. शालनला मात्र सगळं ऐकू येतंय. अक्काची कातर चालतेय म्हणाली. तीन घरं सोडून लेकरू रडतंय म्हणाली, न्हाऊ घालत असतील. पत्र्यात चिमणीनं घर केलंय, तुमी बघितलं का? नाही बघितलं.

उद्या सातला माग सुरू होणार तर आजच सगळं बोलून घेते म्हणाली. तेव्हापासून बोलतेय. वहिनीशी काय झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिची शेळी कशी व्याली. मामांनी खोली बघून परत जाताना गाडीत डोळे पुसले, ते कुणाला सांगू नका. मी हां हां करतोय. कधीकधी चुकीच्या ठिकाणी हां केलं, तर ती थांबून, समोर येऊन परत सांगते. रागवत नाही. अजून नाही रागवत.

कुंभारीचं तिला सांगितलं. दिवसपाळी मिळाली तर, खोली तोवर राहिली तर. "मग तितं जाऊ की," म्हणाली. आणि नाही मिळाली तर? "तर हितं हाय की."

मग भाकरीचं पीठ काढताना विचारलं, "त्या दिशी दादांसंगं बोललासा, नुसतं व्हट हालवून. मागावर समदी तसंच बोलत्यात?"

हो म्हटलं.

"त्ये मला शिकवा."

काय घाई आहे, म्हटलं.

"घाई कशी न्हाय? उद्या सकाळी लागंल की."

अवघड काही नाही त्यात. पाणी, मीठ, ये, जा, थांब. एका संध्याकाळी येतं, मला पण एकाच पाळीत आलं होतं, एका म्हाताऱ्या कामगारानं शिकवलं. आज त्याच्या कानाशी भोंगा वाजवला तरी तो वळत नाही. शिकली तर तिचं इथं भागेल. भागलं की आखितीला मामांना म्हणेल, मला काही त्रास नाही. आणि मग दिवसपाळीसाठी मी मालकाचे पाय धरीन की नाही, मला माझीच खात्री

ती पीठ तसंच ठेवून समोर येऊन बसलीय. आवाज न करता ओठ हलवतेय. एकदा, परत एकदा, बरोबर येतंय का विचारत असणार. मी खाली वहीत बघून लिहितोय.